जाताना डीव्हीआरही नेला

सीसीटीव्हीचे फुटेज कुठे ठेवावे यावर इंजिनियरांचा मुद्दा सरळ आहे आणि ते तो आढेवेढे न घेता मांडतात. “कॅमेरा माझ्या दारावर, वीज माझी, दाराशी उभी राहणारी माणसं माझ्याकडे आलेली. त्यांची चित्रं आधी कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जायची आणि मग कंपनीने ती मला दरमहा पैसे घेऊन दाखवायची, हा उफराटा व्यवहार झाला. बरं, नुसता हिशेब करून बघा. सोसायटीचे ८ कॅमेरे धरा. दोन मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा, चेहरा ओळखता यावा इतपत चित्र हवं तर सेकंदाला साधारण २ मेगाबिट. दिवसाला झाले २१ जीबीच्या वर. आठांचे मिळून १७० जीबी, महिन्याला ५ टीबी. ‘अनलिमिटेड’ म्हणून मिळणाऱ्या घरगुती फायबरच्या योजनांना बहुधा महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. म्हणजे विसाव्या दिवशी तुमचं अनलिमिटेड संपलं. त्यापेक्षा ६ टीबीची, चोवीस तास लिहिण्यासाठीच बनवलेली एक हार्डडिस्क घ्या आणि केबिनमधल्या डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या पेटीला, लावा. नेट गेलं तरी रेकॉर्डिंग चालू, पावसाळ्यात केबल तुटली तरी चालू. फुटेज आपल्या छताखाली, आपल्या कुलपात.”

समोर बसलेल्या वकीलबाईंना आकड्यांशी वाद घालायचा नव्हता.

“चोवीस तास सगळं वर चढवा असं कोणीच म्हणत नाही. क्लाउडवाले बरेच कॅमेरे हालचाल दिसली की तेवढीच क्लिप पाठवतात. तुमचे ५ टीबी त्यात फारच आटतात. पण ते राहू द्या. सराफाच्या दुकानातल्या चोरीची बातमी कुठल्याही मराठी वर्तमानपत्रात वाचा. किती तोळे गेले, शटर कसं उचकटलं, श्वानपथक कुठपर्यंत गेलं, आणि शेवटच्या परिच्छेदात एक ठरलेलं वाक्य : जाताना चोरट्यांनी डीव्हीआरही काढून नेला. चोराला आता हे कोणी शिकवावं लागत नाही. तिजोरीसाठी गॅस कटर लागतो, डीव्हीआरसाठी दोन वायरी उपटल्या की झालं. आणि ज्या घरात रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्याच कार्डावर होतं, तिथे स्टुलावर चढून कॅमेरा उतरवला की चोरी आणि पुरावा दोन्ही एकाच पिशवीत.”

इंजिनियर यावर हसले. सराफ डीव्हीआर गल्ल्याच्या खालीच ठेवतात, हा त्यांचा जुना राग होता. “तो दोष जागेचा आहे. डीव्हीआर पोटमाळ्यावर ठेवा, भिंतीतल्या लोखंडी पेटीत ठेवा, शेजारच्या गाळ्यात वायर ओढून ठेवा. एक जुना, निकामी डीव्हीआर दिवे लुकलुकत समोर मांडून ठेवणारे दुकानदारही मी पाहिलेत. चोर तो घेऊन जातो. कार्डाचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. कार्डाला तर सततच्या लिखाणाने आयुष्यही कमी असतं, आणि ते मेलं हे गरज पडेपर्यंत कळत नाही. कार्डावर विसंबू नये. पण म्हणून सगळं बिऱ्हाड दुसऱ्याच्या गोदामात हलवायचं?”

इथपर्यंतचा वाद सोसायटीच्या वार्षिक सभेत होतो तसाच आहे. सभेत तो इथेच संपतो, कारण मग दरपत्रकं निघतात. वकीलबाईंनी मात्र चोराला बाजूला सारले.

“चोर हा या गोष्टीतला सगळ्यात साधा माणूस आहे. मला भीती आहे ती पेटी सांभाळणाऱ्याची. २०१० साली वाराणसीच्या एका हॉटेलात एक इटालियन प्रवासी मेला. बरोबरच्या दोघांवर खुनाचा आरोप आला, जन्मठेप झाली. हॉटेलात सीसीटीव्ही होता. खोलीकडे रात्री कोण आलं-गेलं हे त्याने सांगितलं असतं. पोलिसांचं म्हणणं, आम्ही ते पाहिलं, त्यात काही नव्हतं. न्यायालयात ते फुटेज आलंच नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडलं, आणि हाताशी असलेला उत्तम पुरावा दडवला तर तो दडवणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा होता असं मानता येतं, हे सांगितलं. पाच वर्षं गेली त्यात. पेटी हॉटेलात होती, म्हणजे तुमच्या भाषेत घरच्या घरी होती.

“दुसरं उदाहरण जवळचं. मार्च २०२१ मध्ये एनआयएने बीकेसीजवळ मिठी नदीत पाणबुडे उतरवले. वर काय आलं? सीपीयू, लॅपटॉप, गाडीच्या नंबरप्लेट आणि डीव्हीआर. तपास यंत्रणेचं म्हणणं असं की ठाण्याच्या एका सोसायटीतला डीव्हीआर पोलिसांच्याच पथकाने नेला होता. प्रकरण न्यायालयातलं आहे, कोणी काय केलं यावर मी बोलणार नाही. पण सोसायटीच्या केबिनमधली पेटी कोणीतरी अधिकाराने मागितली तर वॉचमन काय करणार? सेक्रेटरी काय करणार? तुमचं लोखंडी कपाट चोरासाठी आहे. वर्दीसमोर त्याची किल्ली आपण होऊन बाहेर येते.”

“थांबा,” इंजिनियर म्हणाले. “मिठी नदीचं उदाहरण तुम्ही माझ्या विरुद्ध देताय, पण ते माझ्या बाजूचं आहे. पेटी नदीत सापडली, म्हणून तर तिची चर्चा झाली. वस्तू नष्ट करायला कोणीतरी ती उचलावी लागते, गाडीत घालावी लागते, पुलावर थांबावं लागतं, आणि हे सगळं दुसऱ्या कुठल्या तरी कॅमेऱ्यात येतं. तेच क्लाउडवरून पुसलं असतं तर पाणबुडे कुठे उतरवणार होता?”

“पुसल्याची नोंद राहते तिथे. कुठल्या खात्यातून, कुठल्या दिवशी, किती वाजता.”

“राहते. कंपनीकडे. ती कंपनी परदेशात. आपल्या तालुक्याच्या तपासी अंमलदाराने तिला ई-मेल पाठवायचा आणि वाट बघत बसायचं. आणि तुम्ही फक्त पुसणाऱ्यांबद्दल बोलताय, पाहणाऱ्यांचं काय? २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने रिंग या अॅमेझॉनच्या कंपनीवर ठपका ठेवला. तिच्या नोकरांना आणि कंत्राटदारांना ग्राहकांची खाजगी चित्रं पाहता येत होती, आणि एकाने बायकांच्या न्हाणीघरांत, झोपायच्या खोल्यांत लावलेल्या कॅमेऱ्यांची हजारो चित्रं पाहिली होती. कंपनीने ५८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्याआधी, मार्च २०२१ मध्ये, व्हर्काडा नावाच्या कंपनीच्या एकाच बड्या खात्याचा पासवर्ड हॅकरांच्या हाती लागला आणि सुमारे दीड लाख कॅमेरे त्यांच्यापुढे उघडे पडले. त्यात इस्पितळं होती, तुरुंग होते, टेस्लाचे कारखाने होते. २०२४ च्या फेब्रुवारीत वाइझच्या जवळपास १३ हजार ग्राहकांना आपल्या फोनवर दुसऱ्याच्याच घरातली चित्रं दिसली. आता सांगा, माझी एक पेटी फुटली तर एका सोसायटीचं जातं. यांचं एक दार उघडं राहिलं तर दीड लाख ठिकाणांचं जातं.

“शिवाय पेटी माझ्याकडे असली की ज्याला फुटेज हवं त्याला माझ्या दारावर यावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस मला लेखी मागणी देतील, मी ती वाचेन, हवं तर तुमच्यासारख्या वकिलाला दाखवेन, मग फुटेज देईन. मागितलं हे मला कळतं. कंपनीकडून नेलं तर मला कळलंच पाहिजे असं नाही. २०२२ मध्ये अॅमेझॉनने स्वतःच कबूल केलं की त्या वर्षी त्यांनी ११ वेळा तातडीचं कारण मानून, मालकाला न विचारता पोलिसांना चित्रण दिलं.”

वकीलबाईंनी हे सगळे मान्य केले, पण त्यांच्या मते इंजिनियर दोन वेगळ्या गोष्टी एका नावाने विकत होते. हार्डडिस्क घरात असणे ही एक गोष्ट. तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता फक्त घरातूनच असणे ही दुसरी. आणि बाजारात मिळते ती बहुतेक पहिलीच.

“युफीचं आठवतं? अँकर कंपनीचे कॅमेरे. जाहिरात अशी की चित्रण तुमच्याकडेच राहतं, क्लाउड नाही, खर्च नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एका सुरक्षा अभ्यासकाने दाखवलं की दारावर आलेल्या माणसाच्या चेहऱ्याचे छोटे फोटो अॅमेझॉनच्या सर्व्हरवर जात होते, ग्राहकाने क्लाउड घेतलं नसतानाही. पुढे असंही निघालं की चालू चित्रण व्हीएलसीसारख्या साध्या प्लेअरमध्ये बाहेरून पाहता येतं. कंपनीने आधी नाकारलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये मानलं की वेबवरून दिसणारं चित्रण पूर्णपणे कूटबद्ध नव्हतं. म्हणजे खोक्यावर ‘लोकल’ छापलेलं असतं तेव्हा ते कोणी तपासायचं? तुम्ही तपासाल, तुम्ही इंजिनियर आहात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तपासणार आहेत?

“आणि राजकोट. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या एका प्रसूती रुग्णालयात तपासणीच्या खोलीतली बायकांची चित्रणं इंटरनेटवर आली, टेलिग्रामवर विकली गेली. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. तिथे कुठल्या बलाढ्य क्लाउड कंपनीचं दार फुटलं नव्हतं. कॅमेऱ्यांची ती साधी, घरगुती यंत्रणा बाहेरून उघडली गेली. डॉक्टरांना फोनवर पाहता यावं म्हणून जो रस्ता काढतात, त्याच रस्त्याने दुसरेही येतात. तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावलाच का, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा.”

हा घाव बसला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने जगभरातले असेच डीव्हीआर आणि कॅमेरे कारखान्यातल्या पासवर्डसकट गाठले आणि त्यांची फौज करून २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या, हे इंजिनियरांना वकीलबाईंपेक्षा जास्त ठाऊक होते. त्या फौजेतल्या बहुतेक मालकांना आपली पेटी लढाईवर गेली होती याचा पत्ताही नव्हता.

“म्हणून मी सांगतो, फोनवर बघणं बंद करा,” ते म्हणाले. “पेटीला नेट देऊच नका. सरकारनेही आता कॅमेऱ्यांच्या सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत, ९ एप्रिल २०२५ पासून. त्याने नवा माल सुधारेल. पण भिंतीवर आधीच लटकलेले आहेत त्यांचं काय? त्यांची नेटची वायर काढा, एवढंच औषध.”

हे औषध कोणी घेत नाही. कॅमेरे बसवणाऱ्याला ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो ‘मोबाइलवर दिसेल ना?’ हाच. (वॉचमन मॉनिटरवर क्रिकेट बघतो हा विनोद आता जुना झाला. मॉनिटर चेअरमनच्या फोनमध्ये गेला आहे आणि मॅच वॉचमनच्या.) गावाकडे एकट्या राहणाऱ्या आईला पुण्यातून किंवा शिकागोतून पाहणारा मुलगा नेटची वायर काढणार नाही, आणि त्याला तसे सांगणारा इंजिनियर पुढचे काम गमावेल.

मग बोलणे कायद्याकडे वळले, आणि गंमत म्हणजे कायदा पहिल्यांदा इंजिनियरांच्या मदतीला आला. तोही वकीलबाईंच्याच तोंडून.

“२०१४ ची जालन्याची विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला, हा त्यांचा आक्षेप, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर झालेलं व्हिडिओ चित्रीकरण. त्या चित्रीकरणाच्या प्रती पुरावा म्हणून चालण्यासाठी लागणारं प्रमाणपत्र अधिकारी देईनात. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला निकाल देताना नियम पक्का केला. मूळ यंत्र त्याच्या मालकाने स्वतः साक्षीला येऊन हजर केलं तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. यंत्र जाळ्याचा भाग असेल, उचलून आणता येत नसेल, तर प्रमाणपत्र हवंच. म्हणजे तुमचा डीव्हीआर काखोटीला मारून न्यायालयात नेता येतो. सर्व्हर नेता येत नाही. हा तुमचा मुद्दा मी तुमच्यापेक्षा चांगला मांडला की नाही?”

“मांडलात, वकीलबाई. पण तुम्ही एवढ्यावर थांबणार नाही.”

“नाहीच थांबणार. व्यवहारात कोणी डीव्हीआर नेत नाही, पेन ड्राइव्ह नेतात. पेन ड्राइव्ह ही प्रत झाली, आणि प्रतीला प्रमाणपत्र आलं. १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चा नमुना भरायचा. त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची, तज्ज्ञाची सही घ्यायची. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा हॅश म्हणजे काय. दुसरं, घड्याळ. पेटीला नेट नको म्हणालात ना? मग तिचं घड्याळ कोण लावणार? आतला छोटा सेल संपला आणि एकदा वीज जाऊन आली की काही पेट्या थेट २००० सालात जातात. पंचनाम्यात ‘डीव्हीआरची वेळ व प्रत्यक्ष वेळ यांत इतका फरक’ असं लिहावं लागतं आणि उलटतपासणीत त्याच फरकात साक्षीदार बुडतो. तिसरं म्हणजे डिस्क भरली की पेटी जुन्यावर नवं लिहीत जाते. तक्रार करायची हिंमत बांधायला माणसाला महिना लागतो, विशेषतः बाईला. तुमची डिस्क महिना-सव्वा महिन्यात पुसते. कोणी वाईट वागावंच लागत नाही. नुसतं ‘बघतो, सांगतो’ म्हणत राहिलं की पुरे.”

‘बघतो, सांगतो’ या दोन शब्दांवर इंजिनियर बराच वेळ गप्प राहिले. ते स्वतः कधीकाळी कमिटीवर होते.

मग त्यांनी तोडगा काढला, आणि तो चांगला होता. “चित्रण पेटीतच राहू दे. दर रात्री पेटीने दिवसभराच्या फाइलींचा हॅश काढायचा. चौसष्ट अक्षरांची ओळ असते ती. चित्रातला एक ठिपका बदलला तरी सगळी ओळ बदलते. ती ओळ तेवढी बाहेर पाठवायची, सगळ्या सभासदांना. मुद्देमालावर लाखेचा शिक्का मारतात तसं. बाहेर कोणाचा चेहरा जात नाही, पण आत कोणी ढवळाढवळ केली तर सगळ्यांना कळतं. आणि ज्यांना बाहेर प्रत हवीच आहे, त्यांनी ती घरातच कुलूपबंद करून पाठवावी. अॅपलची होमकिट व्यवस्था असंच करते. चित्र घरातल्याच यंत्रावर तपासलं जातं, तिथेच कूटबद्ध होतं, मग दहा दिवस आयक्लाउडवर राहतं. अॅपललाही ते उघडता येत नाही. म्हणजे तुमचा क्लाउड आणि माझी पेटी, दोन्ही.”

“हॅशने बदल कळतो,” वकीलबाई म्हणाल्या, “गेलेलं परत येत नाही. डिस्क जळाली, उंदराने वायर खाल्ली, नदीत पडली, तर सगळ्या सभासदांकडे चौसष्ट अक्षरं उरतील. आणि कुलूपबंद प्रतीचं म्हणाल तर एकट्या घरासाठी ती उत्तम आहे, किल्ली घरमालकाकडे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानेही माणसाच्या खाजगी, घरगुती कामाला सूट दिली आहे. सोसायटीचं तसं नाही. तिथे दोनशे माणसांचं येणं-जाणं आहे आणि किल्ली कमिटीकडे. लिफ्टपाशी छेड काढणारा कमिटीचाच मेंबर असेल तर?”

“किल्ली दोघांत वाटा. अर्धी कमिटीकडे, अर्धी कमिटीबाहेरच्या एका सभासदाकडे. दोघं मिळाल्याशिवाय उघडत नाही.”

“म्हणजे चोरून बघणं कठीण झालं आणि दडवणं सोपं. दोघांतला एक जरी रुसला तरी प्रत कायमची बंद. आधी दडवायला एक माणूस फोडावा लागत होता, आताही एकच पुरतो.”

“मग दोघांपैकी कोणीही एक उघडू शकेल असं करू.”

“मग माझी मुलगी रात्री किती वाजता येते ते बघणारे डोळे दुप्पट झाले.”

इंजिनियरांनी हात वर केले, पण हार मानून नव्हे. त्यांच्या लक्षात आले होते की वाद पेटी आणि क्लाउड यांतला उरलेला नाही. फुटेज पाहणारे कमी करायला गेले की पुसणाऱ्याचे फावते, आणि पुसणे कठीण करायला गेले की पाहणारे वाढतात. हे दोन स्क्रू एकाच अंगाला फिरत नाहीत. तीन किल्ल्यांपैकी कुठल्याही दोन पुरे, असेही करता येते, आणि ते त्यांनी सुचवलेही. त्यावर वकीलबाईंनी एवढेच विचारले की तिसरी व्यक्ती कोण.

“सोसायटीपुरतं कोणीही चालेल. एखादा निवृत्त न्यायाधीश, एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई.”

“आणि पोलीस ठाण्यात? कारण परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक ठाण्यात, कोठडीपासून व्हरांड्यापर्यंत, आवाजासह कॅमेरे लावायला सांगितले आणि चित्रण अठरा महिने, अगदी नाइलाज असेल तर निदान एक वर्ष ठेवायला सांगितलं. तुमच्या हिशेबाने १२ कॅमेरे धरले तर अठरा महिन्यांचे किती होतात?”

“एकशेचाळीस टीबीच्या आसपास. चित्र हलकं केलं तर निम्मं.”

“आणि ते चालू ठेवायची, जपायची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखाची. म्हणजे कॅमेरा ज्याच्यावर, पेटी त्याच्याच टेबलाखाली. सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून न्यायालयाला स्वतःहून पुन्हा दखल घ्यावी लागली. तिथेही म्हणाल, फुटेज घराबाहेर कशाला?”

“तिथे नाही म्हणणार,” इंजिनियर म्हणाले. “तिथे प्रत बाहेरच हवी. पण क्लाउड कंपनीकडे नको आणि गृहखात्याच्या सर्व्हरवरही नको. त्याच निकालाने जिल्ह्याजिल्ह्यात देखरेख समिती नेमायला सांगितली आहे ना? तिच्याकडे द्या.”

“त्या समितीत पोलीस अधीक्षक आहेत.”

“जिल्हाधिकारीही आहेत. विभागीय आयुक्त आहेत. महापौर किंवा जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आहेत.”

“आहेत. ज्याला कोठडीत मार बसला, त्याच्या बाजूचं यातलं कोण, ते सांगा.”

इंजिनियरांनी कागद ओढला आणि तिसऱ्या किल्लीच्या जागी आधी ‘जिल्हा न्यायाधीश’ लिहिले, मग त्यापुढे प्रश्नचिन्ह घातले. वकीलबाईंनी त्याखाली ‘आरोपीचा वकील’ लिहिले. त्यावर इंजिनियरांचा आक्षेप तयारच होता : ठाण्यात त्याच दिवशी तक्रार द्यायला आलेल्या बाईचा चेहराही त्याच चित्रणात आहे, आणि तो त्या वकिलाच्या हाती द्यायला तिला कोणी विचारलेले नाही.